फिरते विक्रेते आणि बसलेली दुकानं: कुठला धंदा कशावर चालतो?

तागडी

किरकोळ विक्रीचे प्रकार विचारले की दोन खाती पाडून खाली नावं लिहिली जातात. फेरीवाला, हातगाडीवाला, पथारीवाला, आठवडी बाजारात बसणारा, चार दिवसांपुरता गाळा घेऊन माल संपवून निघून जाणारा, हे सगळे फिरते. टपरी, सर्वसाधारण दुकान, एकाच मालाचं दुकान, खास वस्तूंचं दुकान, जुन्या वस्तूंचं आणि दोषी मालाचं दुकान, हे स्थिर. यादी बरोबर आहे, पण ती पाठ करून धंदा कळत नाही. प्रत्येक प्रकार कुठल्या हिशोबावर उभा राहतो आणि नेमका कुठे मोडतो, हे जाणकारांनी इथे आकड्यांसकट लिहावं म्हणून हा धागा.

मुळापासून सुरू करतो. विक्रेता का फिरतो? भांडवल कमी म्हणून, हे नेहमीचं उत्तर अर्धंच खरं आहे. वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्ये दोन मापं मांडली. धंदा तगायला कमीत कमी किती गिऱ्हाईक लागतं, हा उंबरठा. त्या वस्तूसाठी गिऱ्हाईक किती लांबून येईल, हा पल्ला. पल्ल्यातलं गिऱ्हाईक उंबरठ्याहून जास्त असेल तर दुकान एका जागी तगतं. कमी असेल तर विक्रेत्यालाच गिऱ्हाईकाकडे जावं लागतं. भूगोलाचे अभ्यासक स्टाइन यांनी १९६२ मध्ये कोरियातल्या ठरावीक दिवशी भरणाऱ्या बाजारांचा उलगडा याच तर्काने केला.

भांड्यांचं उदाहरण घ्या. रोज १० विक्र्या झाल्या तर खर्च निघतो आणि वर्षात ३०० दिवस काम होतं, असं धरू. म्हणजे वर्षाला ३००० विक्र्या हव्यात. एक घर वर्षातून दोनदा भांडं घेत असेल तर १५०० घरं लागतील. वस्ती ३०० घरांची असेल तर अशा पाच वस्त्या पकडाव्या लागतात. पाच वस्त्यांची फेरी इथून येते. उद्या त्याला कोणी फुकट गाळा दिला तरी त्या ३०० घरांत बसून भांडी विकता येणार नाहीत.

म्हणून फेरीवाला ही दुकानदाराची खालची पायरी समजू नका, एवढी विनंती.

चाकावरचा

तागडी, पाच वस्त्यांचा हिशोब पटला. फक्त त्यात चालण्याचा वेळ धरा. फिरत्या विक्रेत्याचं भाडं पायांतून जातं, आणि गाडी कशी भरली आहे यावर ते दुप्पट किंवा निम्मं होतं.

दोन चाकी गाडीत वजन आसाच्या बरोबर वर हवं, मुठीच्या बाजूला अगदी किंचित झुकलेलं. मूठ आसापासून १ मीटरवर असेल आणि १०० किलो मालाचा भार आसाच्या १० सेंटिमीटर मागे पडत असेल, तर दोन्ही हातांना मिळून १० किलो उचलून धरावे लागतात. तोच भार ३० सेंटिमीटर मागे गेला की ३० किलो. तासाभरात खांदे जातात आणि दोष गाडीला दिला जातो. भार आसाच्या पुढे गेला तर मूठ वर उसळते, आणि उतारावर ते धोक्याचं आहे. विक्री होत जाते तसा भार सरकतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुढचा माल आधी विकला गेला तर दर थांब्याला मागचा थोडा पुढे ओढून घ्यायचा.

चार चाकी गाडीला हा त्रास नाही, वळायला मात्र जागा लागते. जड माल खाली आणि मध्ये, हलका वर. वर उंच रचून मधलं सामान उपसलं की गाडी कलंडते.

चढाचा हिशोब सोपा आहे. १०० मीटरला ५ मीटर चढ असेल तर १५० किलोच्या भरलेल्या गाडीला नुसत्या चढापोटी साडेसात किलोचा जोर लागतो, चाकांची ओढ त्याशिवाय. ही ओढ हवेच्या टायरमध्ये हवा कमी असली की सर्वांत जास्त वाढते, म्हणून निघण्याआधी रोज टायर दाबून बघायचा. भरीव रबराचं चाक पंक्चर होत नाही, पण हादरे मालाला बसतात. काच आणि मऊ फळं असतील तर हवेचाच टायर बरा. उतारावर थांबायचं असेल तर दोन चाकांना पाचर लावा, एकाच चाकाला लावली तर गाडी त्याच्याभोवती फिरते.

फेरीचा क्रमही ठरलेला हवा. नाशवंत माल असेल तर ताजेपणावर जास्त भाव देणारी गल्ली आधी, भाव पाडून घेणारी शेवटी. टिकाऊ माल असेल तर जड वस्तूंचं गिऱ्हाईक आधी गाठायचं, म्हणजे पुढचं ओझं हलकं होतं. आणि वेळ बदलायची नाही. ठरलेल्या वेळी हाक आली नाही तर गिऱ्हाईक दोन दिवस वाट बघतं, तिसऱ्या दिवशी दुसरीकडून घेतं.

वहीखातं

नाशवंत मालाचा विषय निघालाच आहे तर घट लिहिते. इथेच सर्वांत जास्त फिरते विक्रेते बुडतात, आणि नीट विक्री होत असताना बुडतात.

समजा २० किलो माल किलोला २० ने घेतला, म्हणजे ४०० गेले. दिवसभरात पाणी उडून आणि निवडण्यात २ किलो घटले, १ किलो सडला. विकायला उरले १७ किलो. आता खरी खरेदी किलोला २० राहिलेली नाही, ४०० भागिले १७ म्हणजे २३.५३ झाली. विक्रीवर २५ टक्के सुटायला हवेत तर २३.५३ भागिले ०.७५, म्हणजे भाव ३१.३७ हवा. घट न धरता २० भागिले ०.७५ केलं की भाव निघतो २६.६७. या भावाने १७ किलोचे साधारण ४५३ येतात, हातात ५३ उरतात. बरोबर भावाने ५३३ आले असते आणि १३३ उरले असते. सगळा माल खपला, गिऱ्हाईक खूश, आणि कमाई निम्म्याहूनही कमी.

घट मोजायची कशी? आठवडाभर रोज दोनच आकडे लिहायचे: सकाळी किती किलो आणला, रात्रीपर्यंत किती किलोचे पैसे आले. फरकातून शिल्लक वजा केली की घट. ती ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून हवा पालटली की पुन्हा मोजायची.

नवखा_गल्ला

वहीखातं ताई, एक शंका. २५ टक्के हवे असतील तर खरेदीत पाव भाग मिळवायचा ना? मग ०.७५ ने का भागता?

वहीखातं

खरेदीवरचा टक्का आणि विक्रीवरचा टक्का वेगळा असतो. ८० ला घेऊन १०० ला विकलं तर खरेदीवर २५ टक्के सुटतात, विक्रीवर २०. माणूस खरेदीवर २० टक्के चढवतो, १०० चे १२० करतो, आणि समजतो की गल्ल्यातल्या दर १०० मागे २० आपले. प्रत्यक्षात १६.६७ असतात. घरखर्चाला रोज गल्ल्यातून २० टक्के उचलले तर उरलेले ३.३३ मालाच्या पैशांतून जातात, आणि काही महिन्यांत फळ्या रिकाम्या का दिसतात ते कळत नाही.

गल्ला विक्रीचा असतो, म्हणून हिशोबही विक्रीवरच्या टक्क्यानेच ठेवावा. विक्रीवर जितके टक्के हवेत ते १०० मधून वजा करायचे आणि उरलेल्या टक्क्याने खरेदीला भागायचं. २० हवेत तर ०.८० ने, ३० हवेत तर ०.७० ने.

ओलं_पोतं

घट कमी करण्याबद्दल. पालेभाजीच्या वजनातलं साधारण ५ टक्के पाणी उडालं तरी ती मान टाकते. ओलं पोतं झाकण्यामागे पाणी उडताना थंडावा येतो हे कारण आहे. कोरड्या हवेत हा उपाय फार चांगला चालतो, दमट हवेत जवळपास नाही. दमट दिवसांत ओल्या पोत्याखाली पानं कुजतात. तेव्हा सावली आणि खेळती हवा पुरे.

पिकलेली केळी, टोमॅटो आणि सफरचंदं पिकण्याला वेग देणारा इथिलीन वायू सोडतात. शेजारी काकडी किंवा पालेभाजी ठेवली की ती पिवळी पडते. गाडी लहान असली तरी दोन टोकांना ठेवा. कांदे आणि बटाटेही एका टोपलीत नकोत, बटाट्यांच्या ओलीने कांदे खराब होतात.

तागडी

वजनाबद्दल मीच लिहितो, टोपणनावाला जागायला हवं.

दांडीच्या तराजूची रिकामी पारडी समतोल दिसली म्हणजे तराजू खरा, असं नाही. दांडीचे दोन हात असमान असून पारड्यांच्या वजनाने ते झाकलेलं असू शकतं. तपासणी अशी: डाव्या पारड्यात वस्तू आणि उजव्यात वजनं ठेवून तोला, मग अदलाबदल करून पुन्हा तोला. दोन्ही वेळा आकडा एकच आला तर हात सारखे. समजा एकदा १००० ग्रॅम आणि एकदा ९६० आले, तर खरं वजन सुमारे ९८० ग्रॅम आणि तराजू दुरुस्तीला.

इलेक्ट्रॉनिक काट्याचे दोष वेगळे. काटा आडवा समतल नसेल तर वजन कमी दाखवतो, म्हणून पातळी दाखवणारा बुडबुडा मध्ये आणून घ्या. गाडीवर हे दर थांब्याला करावं लागतं. वाऱ्याने ताट हलून आकडा नाचत असेल तर तीन बाजूंनी आडोसा करा. आठवड्यातून एकदा ओळखीचं वजन ताटाच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्ये ठेवून बघा. कोपऱ्यात फरक आला तर खालचा वजन पेलणारा भाग वाकला आहे, बहुतेक कोणीतरी काट्यावर पोतं आपटलं. डबा ठेवून शून्य केलेला काटा डबा उचलल्यावर उणे आकडा दाखवतो, तो तसाच ठेवून पुढचं वजन केलं की नुकसान तुमचं.

चौकट_कापड

पथारीवाले आणि आठवडी बाजारातले विक्रेते एकत्र धरले जातात, ते मला चुकीचं वाटतं. पथारीवाला रोज त्याच रस्त्यावर असतो आणि गिऱ्हाईक मुळात दुसऱ्याच कामासाठी तिथून जात असतं. आठवडी बाजारात गिऱ्हाईक खरेदी करायच्या इराद्याने आलेलं असतं. त्यामुळे माल वेगळा लागतो. पथारीवर बघताक्षणी घेता येईल अशी, पिशवीत मावणारी, मापाचा प्रश्न नसलेली वस्तू चालते: रुमाल, कंगवे, खेळणी, मोबाइलची आवरणं. बाजारात निवड दाखवावी लागते. तीन रंग घेऊन पथारी चालेल, बाजारातल्या कापडवाल्याला तीन रंगांवर दिवस निघणार नाही.

बाजारात सारखा माल विकणारे शेजारीशेजारी का बसतात, हा प्रश्न नेहमी येतो. अर्थतज्ज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्ये दाखवलं की सरळ रेषेत गिऱ्हाईक विखुरलेलं असेल आणि दोन विक्रेते सारख्या भावाने विकत असतील, तर दोघंही मध्याकडे सरकतात. जो टोकाला राहतो त्याच्या बाजूचं गिऱ्हाईक दुसरा खाऊ लागतो. शिवाय गिऱ्हाईकाला तुलना करायची असते, म्हणून ते जिथे चार कापडवाले आहेत तिथेच जातं. एकटी रिकामी जागा स्वस्त मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका.

मांडणी: गिऱ्हाईक उभं असतं आणि माल जमिनीवर, म्हणून पथारी मागच्या बाजूला उंच करा. मागची कड खोक्यांवर ३० ते ४० सेंटिमीटर उचलली की सगळ्या रांगा दिसतात. कापडाची चारही टोकं जड करून ठेवा. पाऊस आला तर टोकं उचलून गाठोडं बांधता यावं एवढाच पसारा, नाहीतर प्लास्टिक अंथरेपर्यंत खालचा थर भिजतो.

फळी_ते_फळी

आता स्थिर दुकानांकडे येऊ. गिऱ्हाईक पल्ल्यात आहे हे धरलं तर पुढचा प्रश्न जागेचा खर्च. दुकानाचा उंबरठा असा काढतात: महिन्याचा ठरलेला खर्च भागिले विक्रीवर सुटणारे टक्के. भाडं, वीज, मदतनीस आणि स्वतःचा घरखर्च मिळून ९००० असेल आणि विक्रीवर १८ टक्के सुटत असतील तर महिन्याला ५०,००० ची विक्री हवी. २६ दिवस दुकान उघडं असेल तर रोज १९२३. समोरून जाणारी माणसं मोजा, आत किती वळतात ते बघा, सरासरी खरेदीने गुणा. आकडा त्याच्या आसपास येत नसेल तर रंगरंगोटीने येणार नाही. स्वतःचा घरखर्च या ९००० मध्ये न धरणं ही सर्वांत मोठी चूक.

सर्वसाधारण दुकानात शेकडो प्रकार असतात, म्हणून माल संपण्याआधी मागवण्याची खूणगाठ हवी. रोजची विक्री गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक राखीव. रोज ६ नग जातात, माल ४ दिवसांत येतो, दोन दिवसांचा राखीव धरला, तर २४ अधिक १२, म्हणजे ३६ नग उरले की मागवायचं. फळीवर ३६ व्या नगाच्या जागी रंगीत पट्टी चिकटवा, वही उघडायचीही गरज नाही.

नवा माल नेहमी मागून भरायचा. घाईत पुढे ठेवला की मागचा जुना होतो आणि मुदत उलटल्यावर सापडतो. पोती जमिनीवर नकोत, १० ते १५ सेंटिमीटर उंच लाकडी फळ्यांवर ठेवा आणि भिंतीपासूनही तेवढंच अंतर सोडा. भिंतीला टेकलेल्या पोत्याला ओल चढते आणि मागे उंदीर फिरतात ते दिसत नाहीत. साबण आणि धुण्याची पूड पीठ-चहाच्या जवळ ठेवू नका. वास वेष्टनातूनही शिरतो, आणि तक्रार आली की अख्खी पेटी परत घ्यावी लागते.

गिऱ्हाईकाने माल स्वतः उचलून आणायचा ही पद्धत अमेरिकेत मेम्फिसला १९१६ मध्ये क्लॅरन्स सॉन्डर्स यांनी पिगली विगली दुकानात आणली. लहान दुकानदार ती सरसकट उचलतात, ते टाळा. मधली वाट निदान ९० सेंटिमीटरची निघत नसेल आणि गल्ल्यावरून सगळे कोपरे दिसत नसतील तर फळ्या मागे आणि माणूस पुढे, ही जुनी रचनाच बरी. खिशात मावणाऱ्या महाग वस्तू कुठल्याही रचनेत गल्ल्यामागेच.

चाकावरचा

टपरीचं काय? ती मला फिरत्याच्या जास्त जवळची वाटते.

फळी_ते_फळी

मालाच्या बाबतीत हो. टपरीत साठ्याला जागा नसते, म्हणून दिवसाआड भरणा आणि वेगाने फिरणारा माल. पण गिऱ्हाईक ओळखीचं होतं, आणि उधारी सुरू होते. तिथे ती दुकान ठरते.

जुनंपुराणं

एकाच मालाचं दुकान आणि खास वस्तूंचं दुकान यांत लोक गल्लत करतात. पहिलं म्हणजे फक्त पादत्राणं, सगळ्यांची, सगळ्या मापांची. दुसरं म्हणजे त्यातली एकच जात, समजा फक्त खेळाडूंचे बूट. दोन्हीकडे मापांमध्ये पैसा अडकतो. मधली मापं आधी संपतात, टोकाची उरतात, आणि नव्याने पूर्ण संच घेतला की टोकाची आणखी साठतात. संच न घेता मापवार मागवता येईल असाच पुरवठादार शोधा.

दोषी मालाच्या आणि जुन्या वस्तूंच्या दुकानात खरेदी ढिगाने होते, आणि हिशोब तिथेच चुकतो. १०० नगांचा ढीग ४००० ला घेतला. निवडल्यावर ६० चांगले, २५ थोड्या दोषाचे, १५ टाकाऊ निघाले. बरेच जण नगाला ४० पडले असं धरतात. बरोबर रीत अशी: ६० नग ८० ने म्हणजे ४८००, २५ नग ४० ने म्हणजे १०००, एकूण विक्री ५८००. ४००० भागिले ५८०० म्हणजे ०.६९. प्रत्येक विक्रीभावाला ०.६९ ने गुणलं की चांगल्या नगाची खरेदी ५५ च्या आसपास, दोषी नगाची साडेसत्तावीस. आता ४० धरणारा चांगला नग ५० ला देऊन १० कमावल्याच्या समाधानात असतो आणि प्रत्यक्षात नगामागे ५ गमावतो.

दोषी नगाला दोष लिहिलेली चिठ्ठी लावा: “बाहीची शिवण तिरकी”, “कडेला रंग उडालेला”. दोष सांगून विकलेला माल परत येत नाही, लपवून विकलेला येतो. जुन्या विजेच्या वस्तू विकण्याआधी तार पूर्ण लांबीभर वाकवून बघा, आतल्या आत तुटलेली तार सरळ असताना चालते. पिन काळवंडलेली असेल तर जोडणी सैल होऊन तापली आहे, ती बदलूनच द्या. तार बदलण्याची तयारी नसेल तर वस्तू विकायला ठेवू नका, यात समोरच्याच्या घराला आग लागू शकते.

नवखा_गल्ला

उधारी किती द्यावी याचा काही नियम?

वहीखातं

बुडाली तर किती विकावं लागेल, या हिशोबाने. विक्रीवर १८ टक्के सुटत असतील आणि ५०० ची उधारी बुडाली, तर त्यातला ४१० चा माल तुमच्या खिशातून गेला. ते ४१० भरून काढायला जवळपास २२८० ची नवी विक्री हवी, आणि त्या विक्रीचं घरी काहीच येत नाही. म्हणून मर्यादा गिऱ्हाईकाच्या ऐपतीवर ठरवू नका, तुमच्या एका दिवसाच्या कमाईवर ठरवा. दिवसाला ३५० सुटतात तर कोणाचीही थकबाकी ३५० च्या वर जाऊ द्यायची नाही. नोंद गिऱ्हाईकासमोर करायची, आणि त्याच्याकडच्या वहीतही तीच.

फेरीवाल्याने उधारी फक्त ठरलेल्या फेरीवर द्यावी, तीही पुढच्या फेरीपर्यंत. चार दिवसांचा गाळा लावणाऱ्याने अजिबात नाही. उलट, अशा विक्रेत्याकडून घेणाऱ्यानेही परतीची आशा ठेवू नये, मालाची तपासणी तिथेच करावी.

रोकडीचं एक: गिऱ्हाईकाने दिलेली नोट सुट्टे मोजून हातात देईपर्यंत गल्ल्यावर बाहेरच ठेवायची. “मी मोठी नोट दिली होती” हा वाद तिथेच मिटतो. सुट्ट्यांची रक्कम सकाळी मोजून लिहा आणि रात्री तेवढीच बाजूला काढून मग विक्री मोजा.

चौकट_कापड

फिरत्यावरून स्थिर व्हावं का, हे विचारणाऱ्यांसाठी. गाळा घेण्याआधी त्याच गाळ्यासमोर सहा आठवडे पथारी किंवा गाडी लावा, आठवड्याचे सगळे दिवस. रोज फक्त तीन आकडे लिहा: विक्री, किती जणांनी घेतलं, त्यातले किती जण दुसऱ्यांदा आलेले. तिसरा आकडा सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत नसेल तर तुमचं गिऱ्हाईक वाटसरू आहे. वाटसरूंसाठी भाडं भरू नका, गाडीच ठेवा.

तागडी

आणि पावसाचे दिवस त्या सहा आठवड्यांतून वगळू नका. गाळ्याचं भाडं त्या दिवशीही चालूच असतं.